पाठीचं ऑपरेशन झाल्यावर चालायचं कसं, तोल सांभाळायचा कसा : स्कोलिओसिसवाल्या मुलामुलींसाठी

माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी १५ वर्षांची होते. नववीची परीक्षा संपली आणि मे महिन्यात आम्ही साताऱ्याहून पुण्याला जाऊन ॲडमिट झालो. छातीच्या मागच्या मणक्यांना उजवीकडे ५८ अंशांचा बाक होता (कण्याला असा बाजूला बाक येतो त्यालाच स्कोलिओसिस म्हणतात), तो स्क्रू आणि दोन रॉड टाकून सरळ केला आणि कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतचा भाग फ्यूज केला, म्हणजे तिथले मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकले. ऑपरेशनआधी आम्हाला रक्त किती लागेल, आयसीयूत किती वेळ ठेवतील, खर्च किती येईल हे सगळं सांगितलं होतं, पण नंतर उभं राहिल्यावर अंगाला काय वाटेल हे कुणीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला उभं केलं आणि मी ओरडलेच, "आई धर गं, मी डावीकडे पडतेय." आई समोरच उभी होती, म्हणाली, "अगं तू एकदम सरळ उभी आहेस." नंतर बाथरूमच्या आरशात बघितलं तर खरंच सरळ होते, पण अंगाला ते अजिबात पटत नव्हतं.

त्या रात्री मी घाबरून रडले, मला वाटलं ऑपरेशन चुकलं. चुकलं काहीच नव्हतं. तुझ्यावर ही वेळ आली तर तू घाबरू नयेस म्हणून हे लिहितेय.

हे मुख्यतः शाळा-कॉलेजच्या वयातल्या, बाकी तब्येत ठीक असलेल्या आणि बाकाचं ठराविक कारण न सापडलेल्या मुलामुलींसाठी आहे (डॉक्टर त्याला इडिओपॅथिक म्हणतात). स्नायूंचा किंवा मेंदूचा आजार असल्यामुळे बाक आला असेल तर चालण्याचं वेळापत्रक फार वेगळं असतं. आणि मी दिलेले आठवडे अंदाजाचे आहेत, तुझ्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं.

१. आधी हे समजून घे : सरळ झाल्यावर वाकडं का वाटतं

आपला तोल तीन ठिकाणच्या खबरीवर चालतो. डोळे, कानाच्या आतला तोलाचा भाग, आणि तळपाय-सांधे-स्नायू यांतून मेंदूला सतत जाणारे निरोप. बाक असलेल्या अंगात आपण कित्येक वर्षं काढलेली असतात त्यामुळे मेंदूने त्या वाकड्या अंगालाच "सरळ" म्हणून मान्य केलेलं असतं. ऑपरेशन चार-सहा तासांत कणा बदलतं, मेंदूची ती जुनी समजूत मात्र तेवढ्यात बदलत नाही. माझं धड आधी उजवीकडे झुकलेलं होतं, ते मधोमध आलं तर मेंदू म्हणायला लागला की तू डावीकडे कलंडतेयस. बहुतेकांना हे असंच, आधीच्या झुकावाच्या उलट बाजूला वाटतं. त्यात उंची एकदम वाढते, माझी ३ सेंटीमीटर वाढली, म्हणजे डोळे वर गेले, जमीन लांब गेली. पहिला आठवडा मला जिन्याची पायरी कुठे आहे याचा अंदाजच येत नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे पीळ. आपण चालतो तेव्हा खांदे एका बाजूला आणि कंबर उलट्या बाजूला थोडी फिरते. फ्यूज केलेला भाग फिरत नाही, म्हणून सुरुवातीला चाल लाकडासारखी होते, हात हलत नाहीत, पावलं आखूड पडतात. फ्यूज नसलेले मणके, खुबे आणि खांदे हळूहळू ते काम वाटून घेतात.

हे कायमचं राहणार का, असा प्रश्न मी प्रत्येक डॉक्टरांना विचारला होता. चालीचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत कॅमेरे आणि सेन्सर लावून हे मोजलेलं आहे. त्यात असं दिसतं की मोठा बाक असताना, ऑपरेशनच्या आधीच, खुब्यांची आणि कमरेची हालचाल थोडी कमी असते आणि पाठीचे स्नायू प्रत्येक पावलाला गरजेपेक्षा जास्त वेळ ताणलेले राहतात, म्हणजे आपण आधीपासूनच जास्त शक्ती खर्चून चालत असतो. फ्यूजन झाल्यावर साधारण वर्षभराने मोजलं तर साध्या चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी सहसा आधीएवढी असते, काहींची थोडी सुधारलेली असते.

अजून एक सांगते कारण मला त्याने धीर आला होता. १९६० च्या आसपास अमेरिकेत पॉल हॅरिंग्टन नावाच्या सर्जननी रॉड टाकायची पद्धत आणली, तेव्हा ऑपरेशननंतर मुलांना कित्येक महिने प्लास्टरमध्ये ठेवायचे, बराच काळ झोपूनच. आता बऱ्याच मणक्यांत स्क्रू धरलेले असतात, ते इतकं घट्ट असतं की दुसऱ्या दिवशी उभं करतात. म्हणजे तुला उभं करतायत ते घाई म्हणून नाही, आतली पकड तेवढी भक्कम असते म्हणून.

२. ॲडमिट व्हायच्या आधी घरात काय करून ठेवायचं

- पलंगाची उंची गुडघ्याएवढी पाहिजे. खालच्या गादीवरून उठताना कंबर वाकतेच. पलंग बुटका असेल तर वर अजून एक गादी टाका.
- भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते. पहिले काही आठवडे उकिडवं बसता येत नाही.
- बाथरूममध्ये दोन स्टूल. एकावर तू बसायचं आणि दुसऱ्यावर बादली. खाली ठेवलेल्या बादलीतून तांब्या घ्यायला वाकावं लागतं हे आमच्या लक्षात पहिल्या अंघोळीला आलं. खाली रबरी मॅट पाहिजेच.
- मागे पट्टा असलेली, न घसरणारी सॅंडल. सपाता नकोत. लेस बांधायच्या बुटांना सध्या सुट्टी.
- पुढून बटणं असलेले शर्ट किंवा गाऊन, नाडीऐवजी इलॅस्टिक.
- रोजच्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणून ठेव. चार्जर, पाण्याची बाटली, कंगवा, सगळं.
- पायपुसणी, सतरंज्या, वायरी रस्त्यातून काढा.

आणि एक व्हिडिओ काढ. समोरून, मागून आणि बाजूने, दहा-दहा पावलं चालतानाचा, आणि एका पायावर उभं राहतानाचा. बाबांनी माझा काढला होता तो मला तेव्हा फालतू वाटला, पण सहा महिन्यांनी दोन व्हिडिओ शेजारी शेजारी लावले तेव्हा समजलं की मी आधी किती तिरकी चालत होते.

फाईलमध्ये हे सगळं एकत्र ठेवा: ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे उभ्याने काढलेले एक्स-रे, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत फ्यूजन झालं ते लिहिलेली ऑपरेशनची नोंद, इम्प्लांटचे (आत बसवलेल्या स्क्रू-रॉडचे) स्टिकर किंवा कार्ड, औषधांची यादी, आणि काय करायचं नाही याची डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी. ती चिठ्ठी शाळेत आणि फिजिओकडे दोन्हीकडे लागते, झेरॉक्स काढून ठेवा. इन्शुरन्स किंवा सरकारी योजनेतून ऑपरेशन असेल तर आधार, रेशनकार्ड वगैरे वेगळ्या पिशवीत, कारण ते हजारदा मागतात.

३. हॉस्पिटलमधले दिवस

उठायची एकच पद्धत आहे आणि ती आधीच घरी शिकून जा. गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकदम, ओंडका लोळवतात तसं कुशीवर वळायचं. मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने पलंग दाबून अंग वर आणायचं. पाठीतून पीळ नाही, मान पुढे काढून उठणं नाही.

बसल्या बसल्या लगेच उभं राहू नकोस. पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बस, पंजे वर-खाली कर, लांब श्वास घे. पहिल्या एक-दोन दिवसांत डोळ्यापुढे अंधारी येते, मळमळतं, कानात शीळ वाजल्यासारखं होतं. ऑपरेशनमध्ये रक्त गेलेलं असतं, दुखण्याची जड औषधं चालू असतात आणि पडून राहिल्यामुळे रक्तदाब उभं राहिल्यावर पटकन उतरतो. याचा आणि तोलाचा संबंध नाही, ही साधी भोवळ आहे, परत बसलं की जाते. "मला गरगरतंय" आणि "मी कलंडतेय" ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, नर्सला वेगवेगळ्या सांग म्हणजे त्यांना कळतं.

माझा क्रम असा होता: पहिल्या दिवशी फक्त पलंगाच्या कडेला बसणं, दुसऱ्या दिवशी उभं राहून खुर्चीपर्यंत, तिसऱ्या दिवशी लघवीची नळी काढल्यावर बाथरूमपर्यंत, चौथ्या दिवशी पॅसेजमध्ये दोन फेऱ्या आणि घरी सोडायच्या आदल्या दिवशी सहा पायऱ्या. शेजारच्या बेडवरचा मुलगा माझ्यापेक्षा दोन दिवस पुढे होता, ते बघून मला रडू यायचं. त्याचा फ्यूजनचा भाग माझ्यापेक्षा लहान होता हे नंतर कळलं. तुलना करू नकोस.

दुखण्याचं औषध चालण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी मिळेल असं नर्सला सांगून ठेव. दुखत असताना आपण श्वास धरतो, खांदे कानाला लावतो आणि मग तोल अजूनच जातो.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटलं तर घाबरू नकोस पण सांग नक्की. ऑपरेशन पालथं झोपवून करतात, तेव्हा तिथली एक नस दाबली जाते, बहुतेकांचं ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातं. त्या नसेमुळे पायाची ताकद कमी होत नाही. ताकद कमी वाटली तर तो वेगळा विषय आहे, खाली आठव्या मुद्द्यात वाच.

४. घरचे पहिले सहा आठवडे : फक्त चालायचं

ह्या काळात व्यायाम म्हणजे चालणं, बाकी काही नाही. एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा पाच मिनिटं पाच-सहा वेळा चाल. मी सकाळी चहाच्या आधी, अंघोळीनंतर, जेवणाआधी, दुपारी झोपून उठल्यावर आणि संध्याकाळी दिवे लागले की, अशी चालायचे. हॉलच्या एका भिंतीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत २२ पावलं होतात, मला अजून पाठ आहे. दुसऱ्या आठवड्यात बिल्डिंगचा पॅसेज, तिसऱ्यात खाली गेटपर्यंत, महिन्याभराने सलग वीस मिनिटं.

चालताना ह्याकडे लक्ष दे:

- नजर समोर दहा-पंधरा पावलांवर. पायाकडे बघत चाललं की डोकं पुढे जातं आणि पाठ त्याच्या मागे ओढली जाते.
- टाच आधी टेकव, मग पंजा. पाय घासत जाऊ नकोस.
- हात मुद्दाम हलव. सुरुवातीला खोटं खोटं वाटतं, उजवा पाय-डावा हात असं मनात म्हणत चाल, दोन आठवड्यांत आपोआप हलायला लागतात.
- वळायचं तर पावलांनी वळ, छोटी छोटी तीन-चार पावलं टाकून. कुणी मागून हाक मारली तर नुसती कंबर फिरवून बघायचं नाही.
- खाली पडलेली वस्तू सध्या उचलायचीच नाही, दुसऱ्याला सांग किंवा लांब चिमटा घे. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली की पाठ सरळ ठेवून खुब्यातून आणि गुडघ्यातून खाली जायचं.

थकवा प्रचंड येतो. मी पहिल्या महिन्यात दिवसाला दोनदा झोपायचे. संध्याकाळी तोल सकाळपेक्षा वाईट असतो, कारण स्नायू दमलेले असतात. त्यामुळे अंघोळ, जिना, बाहेर जाणं ह्या गोष्टी सकाळी उरकून घे.

५. तोलाचा सराव

हा सहा आठवड्यांच्या एक्स-रेनंतर, सर्जननी हो म्हटल्यावर. कोपऱ्यात किंवा ओट्याजवळ कर म्हणजे हात टेकता येतो, आणि पहिले काही दिवस कुणीतरी जवळ पाहिजे.

सगळ्यात जास्त उपयोग मला आरशाचा झाला. कपाटाच्या पूर्ण उंचीच्या आरशावर बाबांनी मधोमध एक उभी चिकटपट्टी लावली होती. आरशासमोर उभं राहायचं, नाक, गळ्याची खाच आणि बेंबी त्या रेघेवर आणायची. मग डोळे मिटायचे, दहा आकडे मोजायचे, उघडायचे आणि बघायचं की आपण किती सरकलो. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी उजवीकडे गेलेली असायचे, म्हणजे अंग गुपचूप जुन्या जागी परत जात होतं. रोज दहा वेळा केलं. तिसऱ्या आठवड्यात डोळे उघडले तर मी रेघेवरच होते आणि त्या दिवसापासून ते कलंडल्यासारखं वाटणं विरत गेलं.

त्यानंतर पुढचे प्रकार, एक जमला की पुढचा:

१. पाय जोडून ३० सेकंद उभं राहणं.
२. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभं राहणं.
३. फरशीच्या रेघेवरून टाच-बोट, टाच-बोट करत चालणं.
४. एका पायावर उभं राहणं, दोन्ही बाजूंनी. एक बाजू कच्ची निघते, तिला जास्त वेळ दे.
५. चालता चालता मान हळू डावी-उजवीकडे फिरवणं, रस्ता ओलांडताना हेच लागतं.
६. घडी घातलेल्या सतरंजीवर उभं राहणं, म्हणजे पायाखालचं मऊ.

डोळे मिटून फक्त पहिले दोन, तेही भिंतीला हात पोचेल असं.

६. जिना, गाडी, शाळा

जिन्यात कठडा धर आणि सुरुवातीला एका पायरीवर दोन्ही पाय आण. उतरणं चढण्यापेक्षा अवघड जातं, कारण मान-पाठ वाकवून पायरी बघता येत नाही. थांबून, डोळे खाली नेऊन, पायाने कड चाचपून मग उतर.

कारमध्ये आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. रिक्षात धक्के बसतात, दवाखान्यापुरतं ठीक आहे. टू-व्हीलरवर मागे बसायला मला तीन महिने मनाई होती, आणि नंतर पहिल्याच स्पीडब्रेकरला त्याचं कारण समजलं. उभ्याने एसटीचा प्रवास तर खूप उशिरा, कारण ड्रायव्हरने ब्रेक दाबला की अंग पिळून तोल सावरायला आपल्याकडे तेवढी जागा उरलेली नसते, पाय पसरून दोन्ही हातांनी धरावं लागतं.

शाळा मी पाचव्या आठवड्यात सुरू केली, आधी अर्धा दिवस. वर्गशिक्षकांना चिठ्ठी देऊन तीन गोष्टी मागून घेतल्या: पुस्तकांचा एक सेट वर्गातच राहील, दर तासाला उठून दोन मिनिटं चालता येईल, आणि सुट्टीच्या पाच मिनिटं आधी बाहेर पडता येईल म्हणजे जिन्यात धक्काबुक्की नको. तिसरी गोष्ट मागायची मला लाज वाटत होती. पण गर्दीत मागून धक्का लागला तर सावरता येत नाही, तेव्हा नक्की माग. दप्तर दोन्ही खांद्यांवर आणि हलकं, एका खांद्यावर लटकवायचं नाही.

७. इथे लोक हमखास चुकतात

मेडिकलमधून मनानेच पट्टा आणून बांधणं. डॉक्टरांनी सांगितला नसेल तर नको, स्नायू त्याच्यावर विसंबून राहतात.

मालीश, हाडवैद्य, मणका "बसवून देणारे". फ्यूजनचं हाड पक्कं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, त्या आधी कुणालाही पाठीवर जोर लावू देऊ नका. नंतरही नाही.

पाठीची शस्त्रक्रिया न पाहिलेला फिजिओ. आमच्या जवळच्या एका क्लिनिकमध्ये मला सातव्या आठवड्यात पायाचे अंगठे पकडायला सांगितलं, "कडक झालीय, मोकळी करू" म्हणून. आई उठून उभी राहिली, सर्जनला फोन लावला आणि आम्ही परत गेलो नाही. पहिल्याच भेटीत विचारा की स्कोलिओसिस फ्यूजनचे पेशंट केलेत का, आणि ऑपरेशनची नोंद त्यांनी वाचली का ते बघा.

दुखणं कमी झालं म्हणजे बरं झालं असं समजणं. माझं दुखणं दोन महिन्यांत गेलं, हाड तेव्हा कच्चंच होतं. भरलेली बादली, गॅसची टाकी, भावाचं बाळ, सगळं नाहीच.

खांदा वर दिसतो म्हणून दिवसभर तो दाबून चालणं. माझा डावा खांदा वर वाटायचा, मी तो सतत खाली ओढायचे आणि मान आखडून घेतली. बऱ्याचदा हे पहिल्या वर्षात बरंच कमी होतं. फॉलोअपला दाखव, स्वतः दुरुस्त करत बसू नकोस.

८. यातलं काही झालं तर वाट बघू नका

- पायात नवीन अशक्तपणा, पंजा उचलला न जाणं, चप्पल पायातून आपोआप निसटणं
- लघवी किंवा संडासवर ताबा न राहणं, किंवा लघवी अडकणं
- चाल आधी सुधारत होती आणि मग दिवसेंदिवस बिघडायला लागली
- ताप, जखमेतून पाणी किंवा पू, जखम लाल आणि गरम
- पोटरी सुजून दुखणं, एकदम धाप लागणं, छातीत दुखणं
- सारख्या हिरवट उलट्या आणि पोट फुगणं. बारीक मुलांमध्ये कणा एकदम लांब झाल्यावर आतड्याचा वरचा भाग दाबला जाऊ शकतो, हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतं आणि लोक त्याला ॲसिडिटी समजतात
- पडल्यानंतर किंवा "कट्" असा आवाज येऊन अचानक जोरात दुखणं

नुसतं "वाकडं वाटतंय" हे ह्या यादीत नाही. पण बाहेरून बघणाऱ्यालाही तू कलंडलेली दिसत असशील आणि ते आठवड्यागणिक वाढत असेल, तर फोटो काढून डॉक्टरांना पाठव.

९. आई-बाबांसाठी थोडं

चालवताना मुलाचा हात धरून ओढू नका, काखेत हात घालून उचलू तर अजिबात नका. शेजारी, अर्धं पाऊल मागे उभं राहा आणि तुमचा हात पुढे आडवा ठेवा म्हणजे मूल स्वतः धरेल. "सरळ चाल, सरळ चाल" असं सारखं म्हणू नका. मूल आधीच सरळ आहे, त्याला ते जाणवत नाहीये एवढंच. माझी आई त्याऐवजी म्हणायची, "मला दिसतंय, तू मधोमध आहेस." मी डोळे मिटून ते ऐकायचे आणि पाऊल टाकायचे.

भेटायला येणाऱ्यांसमोर चालून दाखवायला लावू नका. आणि एखाद्या दिवशी मूल चाललंच नाही, रडत पडून राहिलं, तर एक दिवस जाऊ द्या.

१०. पुढचं वर्ष

सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आसपास पोहणं आणि भरभर चालणं, सहा महिन्यांनंतर धावणं आणि बरेचसे खेळ, आणि कबड्डी-कुस्तीसारखं अंगाला अंग भिडणारं वर्षभराने, तेही विचारून. कोलांट्या आणि खोल मागे वाकायची आसनं बहुतेकांना कायमची बंद होतात. फ्यूजन कमरेत जितकं खाली गेलेलं असेल तितकं वाकणं कमी होतं, पण सपाट रस्त्यावरच्या चालण्यात ते फारसं जाणवत नाही. मांडी घालून बसायला मला चार महिने लागले, आधी उशीवर, मग सतरंजीवर.

फॉलोअपला जाताना मनातले प्रश्न लिहून ने, आणि दर महिन्याला तोच व्हिडिओ काढ, तीच जागा, तेच कपडे, समोरून-मागून-बाजूने. डॉक्टरांना एक्स-रेमध्ये कणा दिसतो, चाल दिसत नाही. माझ्या सहा महिन्यांच्या व्हिडिओत डावा हात उजव्यापेक्षा कमी हलत होता, ते त्यांनी फोनवर पाहूनच ओळखलं आणि खांद्याचे दोन व्यायाम वाढवून दिले.